एकवीस पॉइंट सात

मी ब्रेकची चकती बोलतेय. जरा घाईनेच बोलणार आहे, कारण या वर्कशॉपचे मास्तर शेजारच्या वेल्डरकडे घण आणायला गेलेत आणि ते परतले की माझे तुकडे करणार आहेत.

तुम्हाला वाटेल, म्हणून मी घाबरलेय. नाही हो. घण येण्याआधी दुसरंच कुणी येईल, म्हणून मी घाबरलेय.

मी वर्कशॉपच्या दारातल्या भिंतीला टेकून उभी आहे. शेजारी माझी जुळी बहीण. दोघीही आरशासारख्या लखलखीत. कुणीही उचलून न्याव्यात अशा. त्यात माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहिलाय, तो खोटा आहे, आणि लिहिणाऱ्यावर या रस्त्यावरच्या सगळ्या गॅरेजांचा डोळे झाकून विश्वास आहे. तो आकडा माझ्या अंगावर कसा आला, ते घण येईपर्यंत सांगते.

मी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. वितळलेलं बीड रेतीच्या साच्यात ओतलं आणि माझा जन्म झाला. बीड ही जात हट्टी. वाकायचं नाही, कुरकुर करायची नाही, सोसता येईल तितकं सोसायचं आणि मग एकदम फुटायचं. आकाराने मी उलट्या टोपीसारखी. मधे टोपी, तिच्याभोवती रुंद झालर. झालरीला दोन थर आणि मधून वारा खेळायला फटी. सटवीने कपाळावर लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही म्हणतात. माझं मात्र कारखान्याने कडेवर उठावाच्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: किमान जाडी २२. नवी होते तेव्हा मी चोवीस मिलिमीटर जाड होते. म्हणजे माझं सगळं आयुष्य दोन मिलिमीटरचं!

आम्हा दोघींना एका शाळेच्या गाडीच्या पुढच्या चाकांत बसवलं. मी डावीकडे, बहीण उजवीकडे. गाडी चालवणाऱ्या बाईंना सगळं जग मावशी म्हणायचं. पोरं मावशी म्हणायची, पोरांच्या आया मावशी म्हणायच्या, आणि एका मुलाचे आजोबाही मावशीच म्हणायचे. शाळा टेकडीवर, घरं सगळी खाली. सकाळी चढ, दुपारी उतार. चढाला इंजिनाची परीक्षा, उताराला आमची.

आमचं काम अगदी साधं. मावशींनी पायाने ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड येऊन आम्हाला चिमटीत धरायचे आणि आम्ही गाडीचा सगळा वेग अंगावर घ्यायचा. वेग कुठे जातो, ठाऊक आहे? तो आमच्यात उष्णता होऊन शिरतो. अंगात लोखंड भरपूर असलं की ती उष्णता पचते. कमी असलं की चढते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मावशी गाडी फार छान चालवायच्या. वळणाच्या आधीच वेग कमी, मग हलका पाय. "घाई करणाऱ्याला घाईच भेटते," असं त्या पोरांना सांगायच्या. अकरा पोरं. रोज उतरायला लागण्याआधी त्या मोठ्याने मोजायच्या आणि मीही चाकात बसून त्यांच्याबरोबर मोजायचे. मला मोजायची सवय तिथेच लागली.

पहिल्यांदा आम्ही मास्तरांकडे गेलो ती शाळेच्या मोठ्या सुट्टीनंतर. गाडी इतके दिवस उभी होती की आमच्या तोंडावर गंज चढला होता आणि ब्रेक लावला की खरखर व्हायची. मास्तरांनी आम्हाला उतरवलं, पाठीचा गंज ब्रशने घासला आणि ब्रेक लेथवर चढवलं.

लेथ म्हणजे मंदावलेलं जातंच समजा. मी स्वतःभोवती फिरत राहते आणि दोन बाजूंनी दोन टोकदार हत्यारं येऊन माझा केसाएवढा पापुद्रा काढत जातात. काळा चुरा भुरभुर खाली पडतो. दुखत नाही. उलट तोंड धुतल्यासारखं वाटतं. पण प्रत्येक धुण्यात आपलं थोडं आयुष्य खाली पडतंय, हेही कळत असतं.

मास्तरांची एक पद्धत होती. कापायच्या आधी मायक्रोमीटरच्या चिमट्यात धरून जाडी मोजायची आणि कापल्यावर परत मोजायची. एका ठिकाणी नाही, गोल फिरवून आठ ठिकाणी. आठांत जो सगळ्यात कमी तोच खरा. मग बारीक कुंचल्याने तो आकडा टोपीच्या बाजूवर, चाक टेकत नाही अशा जागी, पांढऱ्या रंगाने लिहायचा. मास्तरांचा आकडा असला की कुठलाही मेकॅनिक परत मोजायच्या भानगडीत पडायचा नाही. "सोन्यावर शिक्का, तसा चकतीवर मास्तर," असं म्हणायचे.

त्या वेळी माझ्यावर आकडा पडला २३.६.

दुसऱ्यांदा गेलो ते पॅड पार झिजून आतलं लोखंड आमच्या अंगावर घासलं तेव्हा. मावशींनी आवाज ऐकला त्याच दिवशी गाडी आणली, तरी आमच्यावर चरे पडलेच होते. मास्तरांनी जुना आकडा खोडून नवा लिहिला, २३.०, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अजून एकदा ये फार तर. मग तुझी सुट्टी."

एवढ्यात मास्तरांची मुलगी परत आली. लांब शिकायला गेली होती, खूप शिकली, आणि तिकडेच राहील असं सगळे म्हणत असताना एक दिवस बॅग घेऊन वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. "बाबा, मी इथेच काम करणार." अंगात नुसता उत्साह. आठवड्याभरात भिंतीवर पाटी लागली: मोजल्याशिवाय कापायचं नाही, कापल्यावर मोजल्याशिवाय द्यायचं नाही. प्रत्येक गाडीची नोंदवही सुरू झाली. कोणती चकती, कधी कापली, किती उरली. मास्तर हसायचे. "तीस वर्षं हेच करतोय, पोरी. पाटी नव्हती एवढंच." पण रोज सकाळी ती पाटी फडक्याने तेच पुसायचे.

तिनेच बाबांना भेट आणली, मोजायचं एक नवं हत्यार, डिजिटल व्हर्नियर. जबडे चांगले लांब, आणि आकडे असे ठळक की पलीकडच्या फुटपाथवरून वाचावेत. "मायक्रोमीटरच्या त्या बारीक रेघा कशाला बघत बसता? डोळ्यांना त्रास."

मास्तरांनी तो हातात उलटसुलट करून पाहिला. मग जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, "वा! झकास आहे."

एवढ्या मोठ्याने का, हे मुलीला कळलं नाही. त्यांना मायक्रोमीटरच्या रेघा वर्षभर दिसतच नव्हत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि त्यांनी तो घरात, दारात, कुठेच कुणाला सांगितला नव्हता. लेथ चालवणाऱ्या टर्नरने दिसत नाही म्हणणं म्हणजे गवयाने ऐकू येत नाही म्हणणं. भेट अगदी वेळेवर आली, असं त्यांना वाटलं असणार.

आता चूक कशी झाली ती ऐका. ती अशी आहे की फक्त या धंद्यातल्या माणसाच्याच हातून व्हावी.

पॅड माझ्या झालरीवर घासतात, पण अगदी काठापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे मधला भाग झिजत जातो आणि काठ तसाच राहतो, जेवणाच्या ताटाला असतो तसा. मायक्रोमीटरची टोकं बारीक. ती काठ ओलांडून आत, झिजलेल्या जागी टेकतात. व्हर्नियरचे जबडे सरळ आणि लांब. ते दोन्ही बाजूंच्या काठांवरच बसतात. म्हणजे ताट किती झिजलं ते मोजायला जावं आणि काठ मोजून यावं.

तिसऱ्यांदा आम्ही लेथवर आलो तेव्हा मी मधे बावीस पॉइंट तीन होते. काठावर अजून तेवीस.

मास्तरांनी व्हर्नियर लावला. आठ ठिकाणी लावला, पद्धत मोडली नाही. आठही ठिकाणी ठळक आकडा आला, २३.०. मी मनातल्या मनात ओरडले. 'अहो, काठावर बसलाय तो! आत बघा, आत!' पण आम्हाला तोंड कुठे? आमची भाषा म्हणजे थरथर, कर्कश आवाज आणि वास. लेथवर अलगद फिरणाऱ्या चकतीला यातलं काहीच काढता येत नाही.

बाहेर मावशी घड्याळ बघत उभ्या होत्या. "मास्तर, शाळा सुटायला तासभर आहे. होईल ना?"

"तासात दोनदा होईल. चहा घ्या तुम्ही."

त्यांनी आधी काठ खरवडून काढला, मग चरे जाईपर्यंत दोन्ही बाजूंनी पॉइंट तीन, पॉइंट तीन कट घेतला. हिशोब तोंडी केला. तेवीसातून पॉइंट सहा गेले, उरले बावीस पॉइंट चार. आता काठ उरला नव्हता. आता तोच व्हर्नियर लावला असता तर त्याने खरं सांगितलं असतं. पण बाहेर हॉर्न वाजला, बहिणीचं काम अजून बाकी होतं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांनी कापल्यावर मोजलं नाही. कुंचला उचलला आणि लिहिलं, २२.४.

मी होते एकवीस पॉइंट सात. माझ्या कपाळावरच्या रेघेच्या खाली. तीन कोरे कागद एकावर एक ठेवले तर जेवढे होतात, तेवढी खाली.

मुलगी आली, वहीत आकडा उतरवून घेतला. व्हर्नियर टेबलावरच होता. तिने त्याच्याकडे हात नेला आणि मागे घेतला. पाटी तिची, नियम तिचा, दुसऱ्या कुणी कापली असती तर तिने सोळा ठिकाणी मोजली असती. पण बाबांच्या हातून आलेली चकती परत मोजायची? तिला ते उद्धटपणाचं वाटलं. माणसं अशीच असतात. ज्याच्यावर जीव, त्याची तपासणी नको वाटते.

पुढचे पाच दिवस मी कसे काढले, सांगता येत नाही. मी इतकी गुळगुळीत होते की ब्रेक लोण्यासारखा लागायचा. मावशी खूश. "मास्तरांचा हात म्हणजे हात!" आणि मी आत धसकलेली. उतार लागला की मावशी मोजायच्या, "नऊ, दहा, अकरा, चला!" आणि माझ्या मनात पालच चुकचुकायची. उताराच्या अर्ध्यातच मी तापायला लागायचे. पूर्वी ही उष्णता मी सावकाश पचवायचे, आता ती चढायची आणि उतरायचंच नाव घ्यायची नाही. पलीकडच्या चाकातून बहिणीचीही तीच तगमग कळायची. अंगात एक बारीक, केसासारखी भेग पडल्याचं मला तिसऱ्या दिवशी समजलं.

मला ओरडायचं होतं. पण आमची भाषा थरथरीची. थरथरले तर मावशींना कळेल, पण थरथरणारी चकती गाडी उशिरा थांबवते. गप्प राहावं तर धोका, बोलावं तरी धोका. इकडे आड, तिकडे विहीर, आणि गाडीत अकरा पोरं.

पाचव्या दिवशी मला निवड राहिलीच नाही. तापून तापून मी वेडीवाकडी झाले होते. शेवटच्या वळणावर एक सायकलवाला अचानक आडवा आला. मावशींनी पाय दाबला आणि मी हादरले. पेडल त्यांच्या पायाखाली धडधडलं. गाडी थांबली, पण जिथे थांबायला हवी होती तिथून हातभर पुढे. सायकलवाला शिव्या देत निघून गेला.

पुढच्या सीटवरची सगळ्यात लहान मुलगी नाक मुरडून म्हणाली, "मावशी, काहीतरी जळतंय."

उरलेला उतार मावशी पहिल्या गिअरमधे, बैलगाडीच्या चालीने उतरल्या. पोरं एकेक करून घरी सोडली, अकरावं पोर आईच्या हातात दिलं आणि गाडी सरळ वर्कशॉपला आणली.

"मास्तर, ब्रेक दाबला की पायाला गुदगुल्या होतायत."

"मग हसा की," मास्तर म्हणाले. पण मावशींचा चेहरा बघून त्यांचंच हसू गेलं. "अहो, आठवडा नाही झाला. माझं काम आहे ते. थरथरायचं काही कारणच नाही. टायर बघा तुमचे."

"टायर नवे आहेत. चकती बघा."

"चकतीवर आकडा आहे माझा."

"आकडा पायाखाली धडधडत नाही, मास्तर. चकती धडधडते."

मुलीने चाक काढलं. मला उतरवलं, थंड होऊ दिलं, आणि कपाटातून जुना मायक्रोमीटर काढला. एका ठिकाणी लावला. परत लावला. आठही ठिकाणी लावला. तिचा चेहरा उतरत गेला.

"बाबा, एकवीस पॉइंट सात."

"शक्य नाही. नीट बघ."

"तुम्ही बघा."

मास्तरांनी मायक्रोमीटर घेतला आणि खिडकीपाशी गेले. उजेडाकडे धरला. जवळ आणला, लांब नेला. चष्मा वर केला, खाली केला. मावशी बघत होत्या, मुलगी बघत होती. मी जमिनीवर पडून बघत होते.

"दिसत नाही गं मला," मास्तर म्हणाले. "वर्ष झालं."

मुलगी खाली बसली. टेबलावरचा व्हर्नियर उचलून तिने कोपऱ्यात पडलेल्या एका जुन्या, काठ असलेल्या चकतीला लावला, मग त्याच चकतीला मायक्रोमीटर लावला. दोन वेगळे आकडे आले. तिला सगळं कळलं. "मीच दिला हा तुमच्या हातात. काठाचा विचारच केला नाही. एवढं शिकून!"

"तू दिलास. पण तो कसा धरायचा, ते मला माहीत असायला हवं होतं. आणि कापल्यावर मोजायला काय धाड भरली होती मला?"

तेव्हा मावशी बोलल्या. आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "तुम्ही दोघं चूक वाटून घ्या सावकाश. माझ्या गाडीत अकरा पोरं होती, मास्तर. त्यांच्या आया मला विचारत नाहीत ब्रेक कसा आहे. मी तुम्हाला विचारत नाही. सगळे एकमेकांवर टाकून मोकळे."

गाडीला दोन नव्या चकत्या बसल्या. मुलीने त्या मोजल्या, मावशींना मायक्रोमीटर कसा वाचायचा ते दाखवलं आणि मावशींनी स्वतः परत मोजल्या. मग कालपासून बापलेकीने वही उघडून, व्हर्नियर आला त्या दिवसापासूनच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या. नऊ गाड्या. मास्तर फोनवर प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होते, "माझं मोजायला चुकलं, गाडी हळू आणा." नवव्यांदाही ते वाक्य त्यांना सोपं गेलं नाही. पुढच्या आठवड्यात डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय. तोवर लेथला हात लावायचा नाही, असं त्यांनी स्वतःच पाटीखाली खडूने लिहिलंय.

आणि आम्ही दोघी इथे दारात. मुलगी आत शेवटच्या गाडीवाल्याला गाडी कधी आणायची ते फोनवर सांगतेय. मास्तर घणासाठी गेलेत.

आणि ज्याची भीती होती, तो आलाच. जुने पार्ट घेऊन विकणारा. बाजारात त्याला स्वस्तराव म्हणतात. तो थबकला. वाकला. माझ्या बहिणीच्या तोंडावरून बोट फिरवलं, मग मला उचलून टोपीवरचा आकडा वाचला.

"ताई! या दोन टाकून दिल्यात की काय? चकाचक आहेत!"

आतून आवाज आला, "त्या खराब आहेत. ठेवा खाली."

"खराब कसल्या? मास्तरांचा आकडा आहे, बावीस पॉइंट चार. मास्तरांचा आकडा म्हणजे काय बघायचं? एक गाडी ठरलीय माझी, उद्याच बसवतो." आणि त्याने मला काखेत मारलं.

बघितलंत? म्हणून मी घाबरले होते. कुणाच्या गाडीत, कुठल्या उतारावर, माझ्यामागे किती पोरं असतील? स्वस्तराव वाईट माणूस नाही. त्याचाही मास्तरांवर विश्वासच आहे. तोच तर घात आहे.

तेवढ्यात दारात सावली पडली. मास्तर. हातात घण.

"खाली ठेव ती."

"मास्तर, अहो, तुमचाच आकडा आहे हिच्यावर."

"हो. म्हणूनच." त्यांनी मुलीला हाक मारली. "वाच गं, काय लिहिलंय."

मुलगी बाहेर आली. तिने वाचलं, "बावीस पॉइंट चार."

"खोटं आहे ते. मी लिहिलंय," मास्तर म्हणाले. स्वस्तराव बघतच राहिला. मग त्याने मला जपून, काच ठेवावी तशी, जमिनीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"बाबा, मी मारते. तुम्हाला नीट..."

"नको. आकडा माझा आहे. तू फक्त माझा हात तिच्यावर नेऊन ठेव."

तिने त्यांचा हात धरून माझ्या झालरीवर ठेवला. त्यांचा अंगठा काठापाशी आला. काठ नव्हता. थोडा वेळ ते तिथेच चाचपत राहिले, जणू तो काठ तिथे सापडेल.

आधी बहीण. एक घाव, आणि घंटेसारखा आवाज झाला. बीड वाकत नाही, सांगितलं होतं ना मी.

आता माझी पाळी. वाचकहो, तुमच्या गाडीच्या चाकात माझी कुणी भावंडं बसली असतील. त्यांना जपू नका. त्यांच्यावर जीव लावू नका. चकचकीत दिसतात म्हणून भुलू नका, आणि कुणाचा आकडा आहे म्हणून तर मुळीच नाही. त्यांच्या कडेवर लिहिलेलं वाचा, आणि त्यांची वेळ झाली की त्यांना फोडा. आम्हाला वाईट वाटत नाही. आम्ही परत वितळतो, परत ओतल्या जातो. पोरं परत ओतता येत नाहीत.

शाळा सुटलीय. टेकडीवरून मावशींची गाडी उतरताना ऐकू येतेय. शेवटच्या वळणावर आली. थांबली. किती हलकी, किती अलगद! चाकांतल्या नव्या पोरी चांगल्या आहेत.

मास्तर, आता मारा. नीट दिसत नसलं तरी चालेल. आकड्यावर मारा.